जीपगाडीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्या भाषेंत मुख्यतः देवळांशीं निगडित आहे. वेरूळचें घृष्णेश्वराचें देऊळ घ्या, किंवा काशीचें विश्वेश्वराचें घ्या, अहल्याबाई होळकरांनीं अठराव्या शतकांत तीं पुन्हां उभारलीं, आणि तेथें जाणारा यात्रेकरू "हें देऊळ मूळचें कीं मागाहूनचें?" असा प्रश्न मनांत आणीत नाहीं. दगड नवे, शिखर नवें, तरी देऊळ तेंच, अशी त्याची श्रद्धा असते. पुराणवस्तुसंशोधकाची दृष्टि याहून निराळी. पडलेली भिंत पडलेल्या स्थितींत राखावी, पण तिच्या जागीं नवी रचून ती जुनी म्हणून दाखवूं नये, असें त्याचें म्हणणें. या दोन दृष्टींचा झगडा देवळांपुरता आणि किल्ल्यांपुरताच आहे, असा आपला समज असतो. परंतु विसाव्या शतकानें जीं यंत्रें मागें ठेविलीं, त्यांच्या बाबतींतही तोच झगडा आज उभा राहिला आहे, आणि त्याचें सर्वांत बोलकें उदाहरण म्हणजे जीपगाडी.

एखाद्या वाड्याच्या पडवींत किंवा मिस्त्रीच्या गॅरेजामागें वर्षानुवर्षें उभी असलेली जुनी जीप कोणी हौशी गृहस्थ विकत घेतो. पत्रा गंजलेला, गाद्या फाटलेल्या, पाटे बसलेले. हें सर्व त्याला अपेक्षितच असतें. पण बोनेट उघडून पाहावें तों आंत विलिस कंपनीचें पेट्रोलचें एंजिन पुष्कळदां नसतेंच. त्याच्या जागीं डीझेलवर चालणारें दुसरेंच एंजिन बसविलेलें आढळतें. आतां जीर्णोद्धार करावयाचा तो कोणत्या गाडीचा? कारखान्यांतून निघाली तिचा, कीं तीस-चाळीस वर्षें राबली तिचा? हा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाहीं. २०२१ सालीं भारत सरकारनें जुन्या वाहनांच्या नोंदणीचे जे नियम केले, त्यांत पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षें उलटून गेलेलें वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदण्यास एक अट घातली आहे: तें मूळ स्वरूपांत राखलेलें असावें, आणि त्याच्या सांगाड्यांत, बाह्यांगांत वा एंजिनांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे 'मूळ' कशास म्हणावें, याचा निर्णय आतां एका सरकारी शिक्क्याशीं बांधला गेला आहे. तो निर्णय करण्यापूर्वीं जीपच्या एंजिनाचा इतिहास एकवार पाहणें अगत्याचें आहे.

१

१९४० च्या उन्हाळ्यांत फ्रान्स पडलें, आणि अमेरिकन सैन्यास हलक्या, चारही चाकांस गति मिळणाऱ्या टेहळणीच्या गाडीची निकड भासूं लागली. जुलै महिन्यांत १३५ कारखानदारांकडे मागणीचें पत्रक गेलें. पहिला नमुना ४९ दिवसांत तयार व्हावा, अशी अट होती. प्रतिसाद दिला तो दोघांनींच, आणि ती मुदत पाळण्याची तयारी दाखविली ती एकट्या बँटम कंपनीनें. पेनसिल्व्हेनिया प्रांतांतील बटलर गांवची ही लहानशी कंपनी दिवाळ्याच्या उंबरठ्यावर उभी होती. कार्ल प्रॉब्स्ट नांवाच्या इंजिनियरास तिनें बाहेरून पाचारण केलें. त्यानें दोन दिवसांत आराखडे काढले. आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं, मुदत संपण्यास अर्धा तास उरला असतां, गाडी मेरीलँडमधील होलाबर्डच्या छावणींत दाखल झाली.

या गाडीचें एंजिन बँटमचें नव्हतें. तें कॉन्टिनेंटल कंपनीकडून विकत घेतलेलें, सुमारें ४५ अश्वशक्तीचें एंजिन होतें. आस स्पायसर कंपनीचे, गिअरबॉक्स वॉर्नरची. जी गाडी पुढें अमेरिकेच्या युद्धसामर्थ्याचें प्रतीक ठरली, ती जन्मतः अशी ठिकठिकाणच्या भागांची जुळणी होती. घाई एवढी होती कीं, नवें एंजिन घडविण्यास कोणालाच सवड नव्हती. बाजारांत जें मिळेल त्याभोंवतीं गाडी उभी करणें एवढेंच शक्य होतें.

बँटमची गाडी सैन्यास पसंत पडली, पण त्या कंपनीच्या उत्पादनशक्तीवर त्याचा विश्वास बसेना. तिचे आराखडे विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड या कंपन्यांस दाखविण्यांत आले, आणि नोव्हेंबरांत त्या दोघांचेही नमुने होलाबर्डला आले. तिघांच्या गाड्या दिसण्यांत बहिणी-बहिणी. फरक काय तो पोटांतला. फोर्डनें आपल्या शेतीच्या ट्रॅक्टरचें एंजिन थोडें बदलून बसविलें होतें. विलिसच्या गाडींत होतें तें 'गो-डेव्हिल' एंजिन: चार नळकांडीं, १३४ घनइंच, आणि ६० अश्वशक्ति. हें एंजिनही नवें नव्हे. विलिसच्या स्वस्त मोटारगाड्यांत तें पूर्वींपासून होतें आणि त्याची शक्ति अवघी ४८ होती. डेल्मर रूस, ज्यांस सारे बार्नी रूस म्हणत, ते १९३८ सालीं विलिसमध्यें मुख्य इंजिनियर म्हणून आले आणि त्यांनीं त्याच एंजिनाचा एकेक भाग सुधारून त्याला साठीच्या पुढें नेलें.

शक्तीच्या बाबतींत विलिस वरचढ ठरली. अडचण आली ती वजनाची. सैन्यानें वजनाची मर्यादा वाढवून २,१६० पौंडांपर्यंत नेली होती, पण विलिसची गाडी तीहि ओलांडीत होती. हलकें एंजिन घातलें तर हातचें सामर्थ्य जाणार. जड एंजिन ठेवलें तर गाडीच नापास होणार. रूस यांनीं एंजिनास हात न लावतां बाकीची गाडी सुटी केली आणि प्रत्येक भागाचें वजन कमी करण्याचा सपाटा लावला. लांब खिळे आंखूड केले; पत्रा पातळ केला; रंगाचा थर किती जाड असावा याचाही हिशेब केला. अखेर गाडी मर्यादेंत बसली, ती अगदीं काठावर. जीपच्या इतिहासांतील ही पहिली मोठी निवड. आणि ती एंजिन राखून गाडी बदलण्याची होती.

१९४१ सालीं विलिसचा नमुना पक्का झाला. सैन्याची भूक एका कारखान्यानें भागणारी नव्हती, म्हणून फोर्डलाही त्याच आराखड्याबरहुकूम गाड्या करण्यास सांगण्यांत आलें. फोर्डनें बनविलेल्या जीपला 'जीपीडब्ल्यू' म्हणतात. त्यांतील पहिलें अक्षर सरकारी कामाचें, दुसरें ८० इंचांच्या चाकांतराचें, आणि शेवटचें अक्षर विलिसच्या एंजिनाचें. मोटारधंद्याचा सम्राट म्हणविणाऱ्या फोर्डला आपल्या गाडीच्या नांवांतच परक्या एंजिनाची कबुली द्यावी लागली! युद्ध संपेपर्यंत विलिसनें सुमारें ३,६०,००० आणि फोर्डनें सुमारें २,८०,००० जीपगाड्या बाहेर काढल्या. ज्या बँटमनें ही कल्पना प्रथम प्रत्यक्षांत आणली, तिला सुमारें पावणेतीन हजार गाड्यांवरच थांबावें लागलें. पुढें तिच्या वाट्यास जीपमागें जोडावयाच्या ट्रेलरचें काम आलें.

२

युद्ध संपलें आणि जीपगाड्या जगभर मागें उरल्या. अशीच एक जीप वेल्समधील अँग्लसी बेटावर मॉरिस विल्क्स यांच्या शेतावर कामास होती. विल्क्स हे इंग्लंडांतील रोव्हर कंपनीचे प्रमुख इंजिनियर, आणि त्यांचे बंधु स्पेन्सर हे त्याच कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक. सैन्यानें टाकून दिलेली ही गाडी शेतीस इतकी उपयोगी पडते, मग हिच्याजागीं दुसरी घ्यावी म्हटलें तर इंग्लंडांत कोणती मिळेल, असा विचार दोघां भावांत निघाला. उत्तर असें कीं, एकही नाहीं. तेव्हां रोव्हरनेंच ती करावी, असें ठरलें.

१९४७ सालीं त्यांनीं जो पहिला नमुना केला, तो आजच्या भाषेंत एक एंजिन बदललेली जीपच होता. सांगाडा आणि आस जीपचे, एंजिन रोव्हरच्या मोटारगाडीचें, आणि सुकाणूचाक मध्यभागीं, म्हणजे गाडी ट्रॅक्टरप्रमाणें चालवितां यावी. ३० एप्रिल १९४८ रोजीं अँम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत जी लँड रोव्हर जगापुढें आली, तिच्यांत जीपचा एकही भाग उरला नव्हता. सुकाणू एका बाजूस गेलें होतें, सांगाडा स्वतःचा होता, आणि पोलादाच्या टंचाईमुळें बाह्यांग अँल्युमिनियमच्या मिश्रधातूचें झालें होतें. पण चाकांतर मात्र जीपचेंच, ८० इंच, राहिलें. बापाचा चेहरा पुसला तरी चालण्याची ढब राहावी, तसें हें झालें.

त्याच रोव्हर कंपनीची दुसरी कथाही येथें सांगण्याजोगी आहे. अमेरिकेंत ब्यूइक कंपनीनें १९६१ सालीं आठ नळकांड्यांचें, अँल्युमिनियमचें, २१५ घनइंचांचें एक हलकें एंजिन काढलें आणि दोन-तीन वर्षांतच तें बंद करून टाकलें. अमेरिकेला न परवडलेलें तें एंजिन करण्याचा हक्क रोव्हरनें १९६५ सालीं मिळविला. १९७० सालच्या रेंज रोव्हरमध्यें तें बसलें, आणि पुढें तीस वर्षांहून अधिक काळ त्या कंपनीच्या गाड्या ओढीत राहिलें. आज जो एंजिनबदल घरगुती गॅरेजांतला उपद्व्याप म्हणून हिणविला जातो, तो मोठमोठ्या कारखान्यांनीं अधिकृत रीतीनें केला आहे. त्यांच्या हातीं परवाना आणि आराखडे होते, मिस्त्रीच्या हातीं ते नसतात. मूळ कल्पना मात्र दोघांची एकच.

३

आतां मुंबईकडे वळूं. युद्धकाळांत हिंदुस्थान सरकारच्या पुरवठा-मंडळाचे प्रमुख म्हणून के. सी. महिंद्रा अमेरिकेंत होते, आणि तेथें त्यांची गांठ बार्नी रूस यांच्याशीं पडली. ज्या गाडीनें रणांगणावर नांव काढलें, ती रस्ते नसलेल्या या देशांत शांततेच्या काळींही उपयोगी पडेल, हें त्यांच्या लक्षांत आलें. १९४५ सालीं बंधु जे. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम महंमद यांच्या भागीदारींत 'महिंद्रा अँड महंमद' ही कंपनी निघाली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ सालीं कंपनीचें नांव 'महिंद्रा अँड महिंद्रा' असें पालटलें. मधल्या काळांत, १९४७ सालीं, विलिस जीपच्या सुट्या भागांची पहिली खेप आली होती. तींत ७५ गाड्यांचें सामान होतें. पुढें माझगांवच्या कारखान्यांत जीपची जुळणी होऊं लागली.

जुन्या जीपच्या दुरुस्तीचा एक कटु धडाही स्वतंत्र भारतास याच सुमारास मिळाला. काश्मीरची लढाई चालू असतां १९४८ सालीं लंडनमधील भारतीय वकिलातीमार्फत परदेशांतून दुरुस्त केलेल्या जुन्या जीपगाड्या घेण्याचा करार झाला. त्यांपैकीं १५५ गाड्या येऊन पोंचल्या, आणि तपासणींत त्या सैन्याच्या कामास निरुपयोगी ठरल्या. 'जीप प्रकरण' म्हणून हा विषय संसदेंत पुष्कळ वर्षें गाजत राहिला. राजकारणाचा भाग सोडला, तरी त्यांतून एक गोष्ट निष्पन्न होते: नव्यासारखें दिसणें आणि कामास येणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि जीर्णोद्धाराची परीक्षा पहिल्या गोष्टीनें होत नाहीं.

त्यानंतर खुद्द विलिसनेंच जीपचें एंजिन बदललें. गो-डेव्हिलमध्यें हवा आंत घेणारी आणि धूर बाहेर टाकणारी अशा दोन्ही झडपा नळकांड्याच्या कुशीस असत. १९५० सालीं आलेल्या 'हरिकेन' एंजिनांत हवेची झडप माथ्यावर नेण्यांत आली. त्यामुळें ती मोठी करतां आली आणि शक्ति सत्तरीच्या वर गेली. पण एंजिन उंचीनेंही वाढलें, आणि तें जुन्या बोनेटखालीं मावेना. १९५३ सालीं आलेल्या 'सीजे-३बी' या जीपमध्यें विलिसनें सरळ बोनेटच उंच केलें. महिंद्रांनीं पुढें भारतांत जी जीप वर्षानुवर्षें काढली, ती हीच. पोलीसचौकीपुढें, तहसील कचेरींत, धरणाच्या कामावर आणि सिनेमाच्या पडद्यावर आपण जी 'आपली' जीप पाहत आलों, तिचें तें उंच कपाळ हें एका एंजिनबदलाचेंच चिन्ह आहे. १९४० सालीं एंजिनासाठीं गाडीचें वजन घटविलें. १९५३ सालीं एंजिनासाठीं गाडीचा चेहरा बदलला.

तिसरा बदल मात्र अमेरिकेचा नव्हे, आपला. १९७३ नंतर जगभर तेलाचे भाव भडकले, आणि सरकारी धोरणामुळें आपल्याकडे डीझेल पुष्कळ वर्षें पेट्रोलपेक्षां बरेंच स्वस्त राहिलें. पेट्रोलवर चालणारी जीप शेतकऱ्यास आणि भाड्यानें गाडी चालविणारास परवडेनाशी झाली. महिंद्रांचा इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीशीं सहकार्यानें चालणारा ट्रॅक्टरचा कारखाना मुंबईच्या उपनगरांत, कांदिवलीस होता. त्या ट्रॅक्टरच्या एंजिनावर आधारलेलें डीझेल एंजिन जीपमध्यें बसविण्यांत आलें. १९४० सालीं होलाबर्डच्या शर्यतींत फोर्डचें ट्रॅक्टरचें एंजिन मागें पडलें होतें. भारतांत तीच कल्पना निराळ्या कारणासाठीं यशस्वी झाली. तेथें वेग हवा होता, येथें काटकसर. पुढें १९७९ सालीं महिंद्रांनीं फ्रान्सच्या पूजो कंपनीकडून 'एक्सडीपी ४.९०' या डीझेल एंजिनाचा परवाना घेतला. चार नळकांडीं आणि प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, असा त्या नांवाचा अर्थ. घाटमाथ्यावर इगतपुरीस हीं एंजिनें तयार होऊं लागलीं आणि महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून त्यांचा आवाज ओळखीचा झाला.

कारखान्यानें नव्या गाड्यांत जें केलें, तेंच मिस्त्र्यांनीं जुन्या गाड्यांत केलें. लष्करानें लिलावांत काढलेली किंवा सरकारी खात्यानें निकालांत टाकलेली जीप घ्यावयाची, तिचें थकलेलें पेट्रोल एंजिन उतरवावयाचें, आणि पूजोचें किंवा मॅटेडॉर गाडीचें डीझेल एंजिन चढवावयाचें, हा क्रम ठिकठिकाणीं सुरू झाला. पश्चिम महाराष्ट्रांत ज्या वाहतुकीस 'वडाप' म्हणतात, ती अशा डीझेल जीपगाड्यांवरच वाढली. जेथें एस.टी. दिवसांतून एकदोनदांच येई, तेथें शाळेचीं मुलें, बाजारचे बोजे, बाळंतीण आणि आजारी माणूस यांना तालुक्याला नेणारें वाहन तेंच होतें. हा इतिहास कोणत्याही कारखान्याच्या दप्तरांत नोंदलेला नाहीं. तो त्या गाड्यांच्या सांगाड्यावरील वेल्डिंगच्या खुणांत लिहिलेला आहे.

४

एंजिन बदलणें म्हणजे एक उचलून दुसरें ठेवणें, एवढीच ज्यांची कल्पना असेल, त्यांनीं तें काम एकदां जवळून पाहावें. एंजिनाची पाठ आणि गिअरबॉक्सचें तोंड यांच्या भोंकांची मांडणी प्रत्येक कंपनीची निराळी. त्यांच्या मध्यें एक जाड पोलादी पट्ट लेथवर कांतून बसवावा लागतो. एंजिनाचा दांडा आणि गिअरबॉक्सचा दांडा यांचे मध्यबिंदु अचूक एका रेषेंत आले नाहींत, तर क्लच नीट सुटत नाहीं, गिअर खरखरतात, आणि थोड्याच दिवसांत गिअरबॉक्सचें पुढचें बेअरिंग जातें. जीपच्या पुढच्या चाकांस गति देणारा दांडा एंजिनाच्या एका बाजूनें पुढें जातो. नव्या एंजिनाचें तेलाचें पात्र त्याला किंवा पुढच्या आसाला घासतां कामा नये. खड्ड्यांत गाडी आपटली म्हणजे आस वर उसळतो. ती जागाही मोकळी सोडावी लागते.

यापुढची अडचण डीझेलच्या प्रकृतीची. गो-डेव्हिलमध्यें पेट्रोलचें मिश्रण सुमारें साडेसहापट दाबलें जातें. या डीझेल एंजिनांत हवा वीसपटींहून अधिक दाबली जाते आणि त्या दाबाच्या उष्णतेनेंच तेल पेटतें. एवढा दाब सोसण्यासाठीं एंजिन जड करावें लागतें. त्यानें पुढचे पाटे बसतात आणि सुकाणू जड होतें. प्रत्येक स्फोटाचा हादरा सांगाड्यास बसतो. म्हणून रबरी बैठकी नीट बसविल्या नाहींत, तर सांगाड्यास तडा जातो. युद्धकालीन जीपची वीज सहा व्होल्टची. डीझेलचें जड एंजिन फिरविण्यास ती पुरत नाहीं, म्हणून सारें वायरिंग बारा व्होल्टचें करावें लागतें. रेडिएटर मोठा हवा, धुराची नळी नव्या वाटेनें न्यावयास हवी. शिवाय ट्रॅक्टरच्या कुळांतलें एंजिन सावकाश फिरणारें. पण मूळ आसांतलें दातांचें प्रमाण ४.८८ ला १, म्हणजे भरभर फिरणाऱ्या पेट्रोल एंजिनास साजेसें. त्यामुळें गाडी चढ बेलाशक चढते, पण सपाट रस्त्यावर लौकरच दमते.

या सर्व अडचणी लहान गांवांतल्या मिस्त्र्यांनीं, बहुधा कागदावर एक रेघही न ओढतां, सोडविल्या. कांहीं ठिकाणीं काम ओबडधोबड झालें, कांहीं ठिकाणीं धोक्याचेंही झालें असेल; एंजिन-क्रमांक नोंदणीपुस्तकांत लागतो आणि असा बदल अधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून करतां येत नाहीं, हा कायदा उगाच केलेला नाहीं. पण चांगल्या हाताचें काम पाहिलें, म्हणजे जुन्या सुताराच्या सांध्याप्रमाणें त्यांतही एक विद्या आहे, हें मान्य करावें लागतें.

५

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. ही डीझेल जीप आज एखाद्या हौशी गृहस्थाच्या हातीं आली, तर त्यानें काय करावें? नियमाची वाट सरळ आहे. डीझेल एंजिन काढून भंगारांत द्यावें; कोठूनतरी गो-डेव्हिल किंवा हरिकेन मिळवावें; गाडीस ऑलिव्ह हिरवा रंग देऊन पांढरा तारा काढावा; म्हणजे ती 'मूळ' झाली. पण हें एंजिन येतें कोठून? बहुधा दुसऱ्या एखाद्या जीपमधून. फोर्डनें आपल्या जीपच्या सांगाड्यावर आणि एंजिनावर एकच क्रमांक उठविला होता, आणि आपल्या खिळ्यांवरही 'एफ' हें अक्षर कोरलें होतें. यामुळें कोणतें एंजिन कोणत्या गाडीचें, हें जाणत्या माणसास आजही ओळखतां येतें. एका गाडीचें एंजिन दुसरींत घातलें, तर दोन्ही गाड्यांची साक्ष खोटी होते, आणि तिसरी साक्ष, म्हणजे गांवच्या मिस्त्रीचें काम, भंगारांत जाते. जातीनें तेंच, पण जन्मानें दुसऱ्याचें असें हें एंजिन डोळ्यांस मूळ दिसेल. इतिहासाच्या दृष्टीनें तोही एक एंजिनबदलच.

याच्या विरुद्ध टोकास दुसरी वृत्ति आहे. गाडी माझी, मी तिच्यांत वाटेल तें एंजिन घालीन, सांगाडा कापीन, चाकें दुप्पट करीन, असें म्हणणारा वर्ग आज मोठा आहे. जीपचा सारा इतिहासच बदलांचा आहे, तेव्हां माझा बदलही त्यांतलाच, असा युक्तिवाद तो करूं शकेल. पण तो पुरता खरा नाहीं. रूस यांनीं वजन घटविलें तें सैन्याची अट पाळण्यासाठीं. विल्क्स यांनीं एंजिन बदललें तें नवी गाडी घडविण्यासाठीं. मिस्त्रीनें डीझेल चढविलें तें गाडी रस्त्यावर राहावी म्हणून. त्या प्रत्येक बदलामागें त्या त्या काळाची गरज होती, आणि म्हणूनच तो इतिहासाचा भाग झाला. युद्धकालीन जीपगाड्या दिवसेंदिवस कमी होत आहेत. केवळ चार लोकांनीं वळून पाहावें एवढ्यासाठीं त्यांतल्या एकीचा सांगाडा कापणें म्हणजे ताम्रपट वितळवून लोटी करण्यासारखें आहे. आणि जेथें गरज खरी होती, तेथेंही झीज व्हावयाची ती झालीच. मॉरिस विल्क्स यांचा तो मधल्या सुकाणूचा पहिला नमुना आज अस्तित्वांत नाहीं. एका थोर वंशाचा मूळपुरुष केवळ कामाचा नमुना म्हणून मोडला गेला. त्या वेळीं त्याचें मोल कोणास कळलें नाहीं.

या दोन टोकांमधली वाट मोटारींच्या अभ्यासकांनीं शोधलेली आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१२ सालीं मान्य केलेली 'ट्यूरिन सनद' इमारतींच्या जतनाविषयींच्या १९६४ सालच्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर आहे. वाहनाचा वापराचा इतिहास हाही त्याचा भाग मानावा. बदल करणें प्राप्तच झालें, तर तो पुन्हां काढतां येईल असा करावा. काढलेले मूळ भाग गाडीबरोबर जपावे. आणि जें केलें त्याची लेखी नोंद ठेवावी, असा तिचा आशय आहे. यांत मोठा खर्च नाहीं. नव्या एंजिनाच्या बैठकी वेल्ड करण्याऐवजीं खिळ्यांनीं बसवाव्या. सांगाड्याचा क्रमांक घासूं किंवा बुजवूं नये. उतरविलेलें एंजिन तेल घालून, गुंडाळून कोपऱ्यांत ठेवावें. आणि एका वहींत तारीख, मिस्त्रीचें नांव आणि बदलाचें कारण लिहून ठेवावें. पन्नास वर्षांनीं ती वही गाडीइतकीच मोलाची ठरेल.

माझें मत याहून एक पाऊल पुढें जातें. कारखान्यांतून निघाल्याबरहुकूम राखलेली जीप संग्रहालयांत असावी, आणि तशी एखादी अखंड सांपडली तर तिला कोणीं हात लावूं नये. याबद्दल दुमत असण्याचें कारण नाहीं. परंतु चाळीस वर्षें डीझेलवर राबलेली जीप ही भ्रष्ट झालेली मूळ जीप नसून स्वतंत्र ऐतिहासिक वस्तु आहे, आणि तिचा जीर्णोद्धार त्याच रूपांत करणें हेंही तितकेंच प्रामाणिक आहे. नियमांत त्यासाठीं वेगळें सदर असावयास हवें. 'मूळ' आणि 'फेरफार झालेलें' या दोनच कप्प्यांत सारीं वाहनें कोंबलीं, तर मालक कागदासाठीं खोटें मूळपण विकत घेतील, आणि खेड्यांतील वाहतुकीचा एक अख्खा कालखंड पुराव्यावांचून नाहींसा होईल. ज्या तारखेस अमुक बदल झाला, ती तारीख सिद्ध करतां आली, आणि तो बदल त्या काळच्या रीतीस धरून असला, तर त्या रूपांतही गाडीस मान्यता द्यावी.

अहल्याबाईंनीं देवळें उभारलीं तेव्हां त्यांनीं तीं पूर्वींच्या शतकांतलीं म्हणून मिरविलीं नाहींत. आपल्या काळच्या शैलींत, आपल्या काळच्या हातांनीं तीं बांधलीं, आणि म्हणूनच आज आपण त्यांत अठरावें शतक वाचूं शकतों. जीपच्या बाबतींतही आपण एवढेंच मागावें. तिच्या पोटांत कोणतें एंजिन आहे, यापेक्षां तें तेथें केव्हां, कोणीं आणि कां बसविलें, हें तिच्या मालकास सांगतां आलें पाहिजे.